खान्देशात शिक्षकांचा डिजिटल मेळावा भरवायचाय? तारीख ठरवण्यापासून नंतरच्या फोनपर्यंत सगळं

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत शिक्षकांना ट्रेनिंगची कमी नाहीये. केंद्राची (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद असते, डायटचं, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचं, काही ना काही चालू असतं, २०१७ पासून दीक्षा हा सरकारी ऑनलाइन मंच आहे, २०१९ ला निष्ठा हे शिक्षकांचं सरकारी प्रशिक्षण सुरू झालं आणि कोरोनात तेही दीक्षावर आलं, म्हणजे कोर्स करा, व्हिडिओ बघा, सर्टिफिकेट डाउनलोड करा. हे सगळं आपापल्या जागी ठीक आहे, त्यातून शिकायलाही मिळतं. पण एका शिक्षकाने दुसऱ्याला आपला वर्ग दाखवायचा, "बघा सर, मी मोबाईलवर हे असं केलं, इथपर्यंत जमलं, इथे अडलं, तुमच्याकडे कसं करता?" असं मोकळं बोलायचं, अशी जागा फार कमी आहे. आणि मोबाईल-कॉम्प्युटरचं काम खरं तर असंच शिकलं जातं, शेजारी बसून, हातात फोन घेऊन.

म्हणून हा लेख. आपल्या तालुक्यात किंवा तिन्ही जिल्ह्यांचा मिळून ऑनलाइन आणि डिजिटल शिक्षणावर शिक्षकांचा मेळावा भरवायचा असेल तर काय काय करावं लागतं ते क्रमाने लिहितोय. माझी कसोटी एकच आहे. शनिवारी मेळाव्यात जे शिकलं ते सोमवारी आपल्या शाळेत, आपल्याच फोनवर, नेट असो नसो, चाललं पाहिजे. खालचं सगळं या एका गोष्टीला धरून आहे, त्यामुळे काही ठिकाणी मी नेहमीच्या पद्धतीपेक्षा वेगळं सांगेन.

आधी प्रश्न ठरवा, मग पाहुणे

बहुतेक वेळा सुरुवात उलटी होते. आधी हॉल बुक होतो, मग उद्घाटक ठरतात, मग "डिजिटल शिक्षण : संधी आणि आव्हाने" असा विषय पडतो, आणि अशा विषयावर फक्त भाषणच होऊ शकतं. विषय छोटा घ्या आणि प्रश्नाच्या रूपात घ्या. उदाहरणार्थ, घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या दुसरी-तिसरीच्या पोरांना वाचनाकडे आणायला मोबाईल कसा वापरायचा. किंवा, आठवीच्या विज्ञानाला लॅब नाही, एक टीव्ही आहे, तर प्रयोग कसे दाखवायचे. किंवा, नववी-दहावीच्या मुलांच्या हातात फोन आहेच, तो अभ्यासाकडे कसा वळवायचा. हा शेवटचा प्रश्न तर सगळीकडचा आहे. असर या शिक्षणावरच्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांचं चित्र आहे, ८० टक्क्यांपेक्षा जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, आणि ज्यांना येतो त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कुठल्या तरी कामाला वापरला होता, सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी. म्हणजे फोन आहे, येतोही, फक्त वळण लावायचं काम आपलं.

प्रश्न ठरवायला लोकांनाच विचारा. एक साधा गुगल फॉर्म करा, चारच प्रश्न. तुमच्याकडे फोन कोणता आहे. शाळेत काय काय आहे आणि त्यातलं चालू काय आहे (हे दुसरं विचारायला विसरू नका, टीव्ही भिंतीवर असतो पण चालतोच असं नाही). तुम्हाला काय शिकायचंय. आणि तुम्ही इतरांना काय दाखवू शकता. चौथ्या प्रश्नाची उत्तरं नीट वाचा, तुमचे वक्ते तिथेच बसलेले आहेत. ज्यांना फॉर्म भरायचा कंटाळा त्यांना व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवायला सांगा, जुन्या गुरुजींकडून त्यातच जास्त कळतं.

पहिल्या वेळी तीस-चाळीस जणच घ्या. जास्त नावं आली तर दुसरी तारीख लावा, पण शंभर जण एका हॉलमध्ये बसवून हातात फोन घेऊन काम होत नाही, मागच्या दहा रांगा नुसत्या ऐकत बसतात. साधारण आठ-दहा जणांमागे एक मदत करणारा हवा, त्याला भाषण करायचं नाही, फक्त फिरायचं आणि अडलेल्याच्या शेजारी बसायचं.

टीम

पाच-सहा जण पुरतात. वेगवेगळ्या तालुक्यांतले घ्या, जिल्हा परिषद शाळेचे, खासगी अनुदानित शाळेचे आणि आश्रमशाळेचे असे तिन्ही हवेत, कारण प्रत्येकाकडची अडचण वेगळी. टीममध्ये मॅडम लोक बरोबरीने असू द्या आणि वेळ ठरवताना त्यांचं आधी ऐका. शहाद्याहून किंवा रावेरहून आलेल्या मॅडमना अंधार पडायच्या आत परतीची गाडी मिळते का, हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेपेक्षा मोठा आहे. पाच वाजता संपवायचं ठरलं तर पाचला संपवा.

तारीख : इथे खान्देशचं कॅलेंडर बघायचं

मार्चपासून पुढे विसरा. एकतर परीक्षा, आणि नंतर जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या हॉलमध्ये तर प्रोजेक्टरसुद्धा गरम होऊन बंद पडतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, त्या आठवड्यात कोणी येणार नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते, त्या रविवारी तर बाहेर नोकरी करणारा माणूससुद्धा गावी असतो. पोळा धरू नका. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार असतात, मग काठीची होळी, अक्कलकुवा-धडगावचे शिक्षक त्या दिवसांत तिकडेच असतात आणि असायलाच पाहिजेत. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, घोडेबाजार, शहादा-दोंडाईचा रस्त्याला गर्दी.

मग राहिलं काय? माझ्या मते दोन जागा चांगल्या आहेत. एक, दिवाळीची सुट्टी संपून शाळा रुळावर आल्यावर नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, यात्रेचे दिवस सोडून. थंडी असते, वांगी बाजारात असतात, लोकांचा मूडही चांगला असतो. दोन, जुलैचा दुसरा अर्धा, कारण प्रवेशाची धावपळ संपलेली असते आणि जे शिकलं ते वापरायला अख्खं वर्ष मिळतं. फक्त निवडणुकीचं, मतदार यादीचं काम कोणावर लागलंय का ते आधी विचारून घ्या.

तालुक्यापुरता मेळावा असेल तर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, दोन ते साडेपाच. तिन्ही जिल्ह्यांचा असेल तर अख्खा दिवस लागतोच.

जागा

तिन्ही जिल्ह्यांना सोयीचं गाव कुठलं यावर वाद होतोच. रस्त्याने यायचं असेल तर धुळे, मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही हायवे तिथे मिळतात, शिरपूर, साक्री, शिंदखेडा जवळ पडतं आणि चाळीसगावकडून रेल्वेची सोय पण आहे. रेल्वेने यायचं असेल तर अमळनेर, कारण सुरत-भुसावळ लाइनवर नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा एका बाजूला आणि धरणगाव, जळगाव, भुसावळ दुसऱ्या बाजूला, मधे अमळनेर. साने गुरुजींनी जिथे शिकवलं त्या गावात शिक्षकांनी जमायचं यातही एक बळ आहे, आणि फेब्रुवारी २०२४ ला तिथे ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, म्हणजे पाहुण्यांची सोय करायची गावाला माहिती आहे. पण विषय जर सातपुड्यातल्या शाळांचा असेल तर तळोदा किंवा शहाद्याला जा. धडगाव, मोलगीच्या शिक्षकाने दर वेळी घाट उतरून जळगावपर्यंत यायचं आणि आपण एकदाही तिकडे जायचं नाही, हे बरोबर नाही.

गाव ठरलं की हॉल. मंगल कार्यालय किंवा नाट्यगृह घेऊ नका, शाळा घ्या. हलवता येणारे बाक, दोन-तीन वर्गखोल्या शेजारी शेजारी, खिडक्यांना पडदे किंवा निदान पुठ्ठे लावायची सोय, एवढं असलं की झालं. तारखेच्या आधी, ज्या वेळेला कार्यक्रम आहे त्याच वेळेला तिथे जाऊन या आणि हे बघा. कुठल्या कंपनीची रेंज खोलीच्या आत येते, बाहेर ओट्यावर नाही, आत. चालू सॉकेट किती. लाइट गेली तर इन्व्हर्टर काय काय उचलतो. ऊन कुठल्या बाजूने येतं, म्हणजे पडदा कुठल्या भिंतीवर लावायचा ते कळेल. मॅडम लोकांसाठी टॉयलेट चालू आहे का, पाणी आहे का. आणि त्या दिवशी गावचा आठवडे बाजार तर नाही ना, असेल तर रस्ता, पार्किंग, भोंगे, सगळंच आलं.

परवानगी आणि पैसे

कामाच्या दिवशी घ्यायचा असेल तर गटशिक्षणाधिकारी साहेबांना किमान महिनाभर आधी लेखी पत्र द्या, सोबत वेळापत्रक आणि येणाऱ्या शिक्षकांची यादी. तीन जिल्हे असतील तर तिन्हीकडे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलंय, पत्रात त्याचा उल्लेख करा, आणि आपल्या मेळाव्याचे तास त्यात धरले जातील का हे डायटला आधीच विचारा. नंतर विचारलं तर सगळे सर्टिफिकेटसाठी तुमच्या मागे लागतात.

पैशाचं म्हणाल तर माणशी दीडशे-दोनशे वर्गणीत चहा, जेवण, झेरॉक्स निघतं. हिशोब एका शीटमध्ये ठेवा आणि ग्रुपवर सगळ्यांना दिसू द्या. हार, शाल, श्रीफळ, मोमेंटो यावर खर्च करू नका, त्याच पैशात प्रत्येक तालुक्याला एक भरलेला पेनड्राइव्ह देता येतो. जेवण खान्देशी आणि पटकन वाढता येईल असं, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, थंडी असेल तर भरीत आणि कळण्याची भाकर. फक्त जेवणावळ दोन तास चालणार नाही एवढं बघा, दुपारचं सत्र तिथेच मरतं.

सत्रं कशी बांधायची

इथे जरा थांबतो, कारण सगळा खेळ इथे आहे.

जगात शिक्षकांनी शिक्षकांसाठी भरवायच्या मेळाव्यांच्या दोन-तीन पद्धती चांगल्या रुळल्यात. २००६ ला स्कॉटलंडमध्ये एडिनबराला टीचमीट सुरू झालं, त्यात शिक्षकाला बोलायला सात मिनिटं किंवा दोन मिनिटं, बस. आपल्या वर्गात केलेलंच सांगायचं, वस्तू विकायची नाही. २०१० ला अमेरिकेत फिलाडेल्फियाला एडकॅम्प सुरू झालं, तिथे वेळापत्रक आधी ठरलेलंच नसतं, सकाळी भिंतीवर कोरा तक्ता लावतात, ज्याला जे दाखवायचंय किंवा विचारायचंय ते तो लिहितो, त्यातून खोल्या आणि वेळा ठरतात. आणि एखादी खोली आपल्या कामाची वाटली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, कोणी राग मानत नाही.

दोन्ही पद्धती आपल्याकडे चालतात, पण थोडं जुळवून घ्यावं लागतं. आपल्याकडे बोलणाऱ्याच्या समोरून उठून जाणं लोकांना अपमान वाटतो, म्हणून सुरुवातीलाच कुठल्या तरी ज्येष्ठ सरांकडून जाहीर सांगायला लावा की उठून जायला परवानगी आहे, आणि स्वतः त्यांनीच एकदा उठून जाऊन दाखवलं तर उत्तमच. कोरा तक्ता अख्ख्या दिवसासाठी नको, दुपारच्या एका तासासाठी ठेवा, सकाळचं ठरलेलं असू द्या. सात मिनिटांसाठी फोनवर टायमर लावा आणि तो सगळ्यांना दिसेल असा ठेवा. केंद्रप्रमुख साहेबांनाही सातच मिनिटं.

सात मिनिटांत काय असावं याचा नियम आधीच पाठवा. चालू गोष्ट दाखवायची, तिच्याबद्दलच्या स्लाइड नाहीत. किती पोरं होती, किती वेळ लागला, खर्च किती आला ते सांगायचं. काय जमलं नाही ते सांगायचंच. आणि नेट नसेल तर ती चालते का, हे शेवटी सांगायचं. या चार गोष्टी धरल्या की नवखा शिक्षकसुद्धा छान बोलतो.

पण सात मिनिटांची सत्रं भूक लावतात, पोट भरायला दीड तासाची कार्यशाळा लागते जिथे प्रत्येक जण एक वस्तू बनवतो. दिवसाला दोनच ठेवा. आपल्या शाळांत चालतील अशा काही सांगतो.

प्लिकर्स हे ॲप. पोरांच्या हातात छापील कार्ड, चार बाजूंना चार पर्याय, पोरगं उत्तराची बाजू वर धरतं, शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणाचं उत्तर काय ते लगेच फोनवर येतं. नेट फक्त शिक्षकाच्या फोनला लागतं, पोरांना फोनच नको. चाळीस कार्डांचा संच एकदा जाड कागदावर छापला की वर्षभर चालतो, चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला कार्ड दिसत नाही. कार्यशाळेत शिक्षकांनीच पोरं व्हायचं, पाच प्रश्न स्वतः तयार करायचे आणि एकमेकांवर चालवून बघायचे.

फेट. कोलोरॅडो विद्यापीठाचे विज्ञान-गणिताचे सिम्युलेशन, त्यातले बरेच मराठीत आहेत आणि डाउनलोड करून नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. विद्युत परिपथ जोडायचं सिम्युलेशन घ्या. पण आधी टेबलावर खरा सेल, खरी वायर आणि खरा बल्ब ठेवा, तो पेटवा, मग स्क्रीनवर जा, कारण स्क्रीनवर इलेक्ट्रॉन फिरताना दिसतात जे टेबलावर दिसत नाहीत, आणि टेबलावर हाताला जे कळतं ते स्क्रीनवर कळत नाही. दोन्ही जोडून पाठ कसा घ्यायचा ते गटात लिहून काढायचं.

गोष्टी आणि आवाज. ही मला सगळ्यात जवळची. स्टोरीविव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी मोफत आहेत, डाउनलोड होतात, आणि खुल्या परवान्याच्या असल्यामुळे आपण त्यांचं भाषांतर पण करू शकतो. एक छोटी गोष्ट घ्यायची, तिचं अहिराणी, पावरी, मावची, भिली, तावडी, जी पोरांच्या घरची भाषा असेल तिच्यात भाषांतर करायचं, त्या भाषेच्या माणसाकडून वाचून घ्यायचं, आणि फोनवर रेकॉर्ड करायचं. पहिलीतलं पोरगं शाळेतल्या स्पीकरमधून आजीची भाषा ऐकतं तेव्हा त्याचे डोळे बघा. रेकॉर्डिंगला पंखा बंद, खिडकी बंद, फोन एअरप्लेन मोडवर, तोंडापासून एक वीत लांब. भाषांतर शिक्षकाने एकट्याने करू नये, गावातल्या माणसाला बोलवा, त्याचं नाव त्याला विचारून गोष्टीच्या शेवटी द्या.

तीन मिनिटांचा व्हिडिओ. याचं दीड तासाचं गणित असं. पहिली पंधरा मिनिटं, मुलांना नेहमी अडणारी एकच गोष्ट निवडायची, हातच्याची वजाबाकी म्हणा किंवा क ला र कसा जोडायचा ते म्हणा. पुढची वीस मिनिटं, कागदावर वाक्यं लिहायची, मोठ्याने वाचून बघायची, तीन मिनिटांच्या वर गेलं की कापायचं. मग तीस मिनिटं शूटिंग, दोन बाकांमध्ये फूटपट्टी ठेवून तिच्यावर फोन, कॅमेरा खाली कागदाकडे, उजेड समोरून, सावली कागदावर पडायला नको, फोन आडवा. उरलेली पंचवीस मिनिटं एकमेकांचे व्हिडिओ बघायचे, आणि एकच प्रश्न विचारायचा, आवाज कळला का? चित्र थोडं हललं तरी पोरं बघतात, आवाज कळला नाही तर कोणी बघत नाही. एडिटिंगचं ॲप पहिल्या दिवशी शिकवूच नका.

क्यूआर कोडची मागणी सगळीकडून येते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला त्यात पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता, त्यामुळे सगळ्यांना ते शिकायचं असतं. शिकवा, पण एक गोष्ट स्पष्ट सांगा. कोडमध्ये लिंक असेल तर ती उघडायला नेट लागतं. कोडमध्ये नुसता मजकूर भरला, म्हणजे कोड्याचं उत्तर, शब्दाचा अर्थ, झाडाची माहिती, तर तो नेटशिवाय उघडतो. शाळेच्या झाडांना, भिंतीवरच्या नकाशाला असे मजकुराचे कोड लावता येतात.

आणि एआय. हल्ली प्रत्येक जण चॅटजीपीटी, जेमिनीबद्दल विचारतो, टाळू नका. एक धडा द्या, त्यावर दहा प्रश्न करून घ्या, आणि मग गटात बसून त्यातल्या चुका शोधा. मराठीत जोडाक्षरं, लिंग, स्थानिक माहिती यात चुका सापडतात, कधी धड्यात नसलेलंच विचारलेलं असतं. चुका शोधणं हाच त्या सत्राचा गाभा ठेवा. मुलांची नावं, गुण, आजार, जात यातलं काहीही तिथे टाकायचं नाही हे फळ्यावर लिहून ठेवा.

नेट नाहीच असं धरून तयारी

हॉलमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या पहिला प्रश्न येतो, "भाऊ, नेट शे का?" तुमचं उत्तर काहीही असो, तयारी नाही असं धरूनच करा. चाळीस फोन एकाच वेळी प्लेस्टोअरवर गेले की चांगलं नेटसुद्धा बसतं, आणि फोनचा हॉटस्पॉट साधारण आठ-दहा फोनच्या वर झेपत नाही.

लागणारी ॲप्स लोकांनी घरूनच टाकून यायची, आदल्या आठवड्यात यादी पाठवा आणि आदल्या रात्री प्रत्येकाकडून "टाकलं" असा मेसेज घ्या. उरलेल्यांसाठी मदतनीस लवकर येतील. फाइली सगळ्या एका फोल्डरमध्ये, नावं मराठीत आणि क्रमांकासकट, आणि ते फोल्डर ओटीजी, म्हणजे थेट फोनला लागणाऱ्या, पेनड्राइव्हवर. अँड्रॉइड ते अँड्रॉइड क्विक शेअर नेटशिवाय चालतं, ते सगळ्यांना सकाळीच शिकवा, दिवसभर कामाला येतं.

एक पाऊल पुढे जायचं असेल तर कोलिब्री. हे मोफत सॉफ्टवेअर एका लॅपटॉपवर टाकायचं, घरी चांगल्या नेटवर असताना त्यात हवे ते चॅनल उतरवून घ्यायचे, फेटचे सिम्युलेशन आहेत, स्टोरीविव्हरच्या गोष्टी आहेत. मग हॉलमध्ये एक साधा वायफाय राउटर लावायचा, त्याला नेट जोडायचं नाही, लॅपटॉप आणि सगळे फोन त्या राउटरला जोडायचे, आणि फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता टाकला की सगळं उघडतं. तो पत्ता मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहा. फोन "इंटरनेट नाही, तरी जोडून ठेवू का" असं विचारतो तेव्हा हो म्हणायचं, आणि मोबाईल डेटा बंद करायचा, नाहीतर फोन गुपचूप डेटावर जातो आणि पान उघडत नाही. विकिपीडियासाठी असंच किविक्स आहे. तोरणमाळच्या शाळेतसुद्धा हे चालेल, लॅपटॉपला लाइट मिळाली की बस.

फॉन्टचं दुखणं वेगळं. अजून बऱ्याच जणांच्या फाइली कृतीदेव किंवा श्रीलिपीत असतात आणि दुसऱ्या लॅपटॉपवर उघडल्या की सगळं इंग्रजी कचऱ्यासारखं दिसतं. प्रत्येकाकडून फाइल दोन दिवस आधी घ्या, युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही लॅपटॉपवर नीट दिसेल अशा मराठीत) नसेल तर निदान पीडीएफ करून घ्या, आणि सगळ्या एकाच लॅपटॉपवर उघडून बघा.

बाकी सामान : एचडीएमआयची लांब केबल, जुन्या प्रोजेक्टरसाठी व्हीजीएचं कन्व्हर्टर, नवीन लॅपटॉपसाठी टाइप-सी वालं, स्पीकर आणि त्याची ऑक्स केबल, पाच-सहा एक्स्टेंशन बोर्ड, मोठ्या पिनचं लहान पिनला लागणारं कन्व्हर्टर, चिकटपट्टी, मार्कर, कोरे चार्ट. लॅपटॉपच्या आवाजावर विसंबू नका, तो तिसऱ्या बाकापर्यंत पण जात नाही.

दिवसाचा क्रम

साडेनऊला चहा आणि फाइली घेणं. दहाला सुरुवात, दीपप्रज्वलन करायचं तर करा पण स्वागत-प्रास्ताविक सगळं धरून पंधरा मिनिटं, आणि प्रमुख पाहुण्यांना आधीच विनंती करा की भाषणाऐवजी दिवसभर थांबून एका गटात बसा. बरेच जण मनापासून हो म्हणतात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. मग सात मिनिटांचे सहा जण, मग पहिली कार्यशाळा. जेवण एक ते पावणेदोन. जेवणानंतर डोळे मिटतात, म्हणून तेव्हा दुसरी कार्यशाळा लावा, हात चालू राहिले की झोप येत नाही. त्यानंतर कोऱ्या तक्त्याचा एक तास. साडेचारला प्रत्येकाने एक कागद भरायचा, सोमवारी मी कुठल्या वर्गात, कुठल्या तासाला, काय वापरणार. शेजाऱ्याची सही घ्यायची, शेजाऱ्याचा नंबर घ्यायचा. पाचला घरी.

मुलांचे फोटो, कॉपीराइट

शिक्षक उत्साहात वर्गाचे व्हिडिओ दाखवतात, त्यात मुलांचे चेहरे, नावं, कधी हजेरीपट सुद्धा दिसतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलेली आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आश्रमशाळेतल्या मुलीचा फोटो नाव-गावासकट अनोळखी ग्रुपवर फिरणं हे आपल्याला चालता कामा नये. नियम सरळ ठेवा, हात, वह्या, फळा, पाठमोरं चालेल, चेहरा नाही. आणि खासगी प्रकाशनाची गाइडं, पेड ॲपचे व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये भरून वाटायचे नाहीत. खुल्या परवान्याचं आहे तेच वाटा, बालभारतीच्या पुस्तकांसाठी त्यांच्याच साइटवरून पीडीएफ घ्यायला सांगा.

ऑनलाइन जोडायचं का?

हॉलमधला कार्यक्रम चालू असतानाच घरी बसलेल्यांनाही जोडायचं, हे माझ्या मते पहिल्या वेळी करू नये. हॉलचा आवाज तिकडे जात नाही, तिकडचा इकडे घुमतो, आणि दोन माणसं दिवसभर त्यातच अडकतात. त्यापेक्षा आठ दिवसांनी रात्री साडेआठला वेगळा ऑनलाइन कट्टा घ्या. गुगल मीटचं फुकट खातं तिघं किंवा त्याहून जास्त लोक असतील तर तासभर चालतं, झूमचं चाळीस मिनिटं, तेवढा वेळ पुरतो. दोघांनी आपलं सोमवारचं काय झालं ते दाखवायचं, बाकीच्यांनी विचारायचं.

नंतरचं काम

मेळाव्याचं खरं काम इथून सुरू होतं आणि नेमकं इथेच लोक ढिले पडतात. दोन दिवसांच्या आत सगळ्या फाइली, हिशोब आणि भरलेल्या कागदांचे फोटो ग्रुपवर टाका. ग्रुपवर शुभेच्छा, वाढदिवस, फॉरवर्ड नकोत, त्यासाठी दुसरा ग्रुप काढा. महिन्याभराने टीमने प्रत्येकाला फोन करायचा, मेसेज नाही, फोन. तीन प्रश्न : वापरलं का, पोरांनी काय केलं, कुठे अडलं. ज्यांनी वापरलं नाही त्यांचं कारण लिहून ठेवा, टीव्ही बंद, फोनची मेमरी फुल, वेळच मिळाला नाही, जे असेल ते. पुढच्या मेळाव्याचा विषय या कारणांमधूनच निघतो. सामानाची पेटी पुढच्या तालुक्याकडे द्या, झाकणाच्या आतून यादी चिकटवून.

पुढची पायरी, मोठ्या परिषदा

दोन-तीन मेळावे झाले की काही शिक्षकांकडे बाहेर दाखवण्यासारखं काम तयार होतं. त्यांना पुढे पाठवा. शेजारी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून दूरशिक्षणातच काम करणारं. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, तिथल्या शिक्षणशास्त्राच्या लोकांशी बोलून ठेवा. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत पण आहेत, स्वतःचं कॉम्प्युटरचं कौशल्य वाढवायला फार उपयोगी. आणि मुक्त व दूरशिक्षणावरचा पॅन कॉमनवेल्थ फोरम ही आंतरराष्ट्रीय परिषद, ती १९९९ ला ब्रुनेईत सुरू झाली, २०१० ला आपल्या कोचीत झाली होती, म्हणजे अशा गोष्टी आपल्यापासून फार लांब नाहीत.

प्रस्ताव पाठवताना अडीचशे-तीनशे शब्द लागतात. पहिल्या दोन वाक्यांत शाळा आणि अडचण, मग काय केलं, किती मुलांसोबत, किती दिवस, मग काय बदललं ते आकड्यात किंवा मुलांच्या कामाच्या नमुन्यात, आणि शेवटी तुम्ही तिथे काय दाखवणार. मोठे शब्द नकोत, पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड केल्या हे वाक्य तसंच लिहा, तेच वाचणाऱ्याला थांबवतं. इंग्रजीत लागत असेल तर आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीच्या सरांना दाखवा.

फसवणूकही चालते. "आंतरराष्ट्रीय परिषद, घरबसल्या सर्टिफिकेट, फी एवढी, पेपर हमखास छापू" असे मेसेज शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतात. मागच्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका बघायला मिळते का, कोणी बोललं होतं त्यातल्या एकाला फोन करता येतो का, तुमचा प्रस्ताव कोणी वाचून त्यावर प्रश्न विचारले का, की पैसे भरल्या भरल्या स्वीकारला, एवढं तपासा. आणि पहिल्यांदा खऱ्या परिषदेला जाताना एकटे जाऊ नका, दोघं जा, वेगवेगळ्या सत्रांना बसा, परत येताना गाडीतच दोघांच्या वह्या जुळवा आणि पुढच्या मेळाव्यातली सात-सात मिनिटं तिथेच ठरवून टाका.